पाणी प्यायला लाजणारी माणसं

मी लोकांना डोंगरात घेऊन जाते असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो साप-विंचवांचा. मग उन्हाचा. मग "तुम्ही बाई असून?" हा. खरा प्रश्न मात्र कुणी तोंडाने विचारत नाही, तो सगळ्यांच्या चेहऱ्यावर असतो: तीन दिवस शी कुठे करायची? दिवाळी अंकाला हा विषय शोभतो की नाही मला माहीत नाही. संपादकांनी "कामाविषयी मोकळेपणाने लिहा" असं कळवलंय, तेव्हा आता त्यांनी भोगावं.

काम असं आहे. दुबई म्हटलं की लोकांना वाळू आठवते आणि काचेच्या इमारती आठवतात. पण रास अल खैमा आणि फुजैराच्या बाजूला उघडाबोडका, रखरखीत डोंगर आहे आणि त्यात पाण्याने कापलेल्या खोल घळी आहेत. त्यांना इथे वादी म्हणतात. वर्षातले बहुतेक दिवस त्या कोरड्या असतात. दोन्ही बाजूंना उभे कडे, तळाला गोटेच गोटे, मध्येच एखादा डोह, शेळ्या, आणि कुणीतरी कधीच सोडून दिलेली दगडी घरं. हिवाळ्यात मी पाच-सहा जणांना एका तोंडाने आत नेते आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या तोंडाने बाहेर काढते. तंबू, जेवण, अंथरूण, पाणी सगळं ज्याचं त्याच्या पाठीवर. आभाळात ढग आला की ट्रिप खलास, मग कुणी कितीही "मॅडम, वो तो दूर है" म्हणो. वर डोंगरात पडलेला पाऊस घळीत कोरड्या उन्हात येतो आणि यायच्या आधी कुणाला विचारत नाही.

मी मूळची रायगडच्या किनाऱ्यावरची. लग्न होऊन शारजाला आले, अल मजाजला राहते, खिडकीतून तळं दिसतं. त्या तळ्याभोवती मी चालायला लागले ती डॉक्टरांनी साखरेची भीती घातली म्हणून. तळं पुरेना, तेव्हा डोंगरात जायला लागले. मग कोर्स केले, परीक्षा दिल्या, लायसन्स काढलं. सासूबाई म्हणाल्या, "शहनाज, लोक गल्फला येऊन सोनं घेतात, तू दगड घे." घेतले. अजून फेडतेय, गुडघ्यांनी.

आमच्या लोकांबरोबर काम करायचं म्हणजे आधी बॅग उघडायची. मी निघण्यापूर्वी सगळ्यांच्या पिशव्या जमिनीवर रिकाम्या करायला लावते आणि तिथेच अर्धी भांडणं होतात. एका बाईंच्या बॅगेत चकल्यांचा डबा निघाला, तो त्यांच्या तंबूपेक्षा जड होता. "सगळ्यांना होतील म्हणून आणल्या," म्हणाल्या, आणि पाण्याची एक बाटली कमी केली होती. एका बँकेतल्या साहेबांनी प्रेशर कुकर आणला होता. मी तो काढून ठेवला तर ते माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. मराठी माणूस रागावला की इंग्रजीत जातो. मी शांतपणे मराठीत उत्तरं देत राहिले, मग कुकर गाडीत राहिला.

आणि मग येते ती पिशवी. घळीत काही पुरायचं नाही, काही सोडायचं नाही. पुढच्या पुरात ते खालच्या गावाच्या विहिरीत जातं. म्हणून प्रत्येकाला जाड, घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या मिळतात. आत ओल आणि वास शोषणारी एक पावडर असते. त्यात आपलं आपण करायचं, बंद करायचं आणि तीन दिवस आपल्याच पाठीवर वाहायचं. हे सांगताना मी आवाज बारीक करत नाही. लोक मात्र करतात. "एका पिशवीचे दहा दिरहॅम? म्हणजे सव्वादोनशे रुपये! एवढ्यात तर..." इथपर्यंत बोलून एक गृहस्थ थांबले, कारण पुढे काय म्हणावं ते त्यांनाही सुचेना.

गोऱ्या पाहुण्यांचं सोपं असतं, कागद वापरतात. आपल्याला पाणी लागतं. मी त्याला हसत नाही, मीही पाण्यावालीच आहे. म्हणून मी एक छोटी बाटली वेगळी देते, तिला निळी पट्टी लावलेली असते. ती डोहाच्या पाण्याने भरायची, कागदाने बहुतेक काम करायचं आणि शेवटाला त्यातलं थोडं पाणी. पिण्याच्या पाण्याला मात्र हात लावायचा नाही. घळीत पाण्याची मालकीण मी. तुमच्या पाठीवरचं असलं तरी.

हे सगळं मी राणेकाकांनाही सांगितलं होतं. तेव्हा ते बुटांच्या नाड्या बांधत होते. नाड्या आधीच बांधलेल्या होत्या.

दिगंबर राणे सावंतवाडीकडचे. सारी हयात दुबईतल्या अल क्वोजमध्ये ॲल्युमिनियमच्या वर्कशॉपमध्ये गेली. आधी एका खोलीत आठ जण, मग फोरमन, मग मुलगा सागर इथेच नोकरीला लागला आणि त्याने डिस्कव्हरी गार्डन्समध्ये घर घेतलं, तेव्हा काका तिकडे राहायला गेले. आता निवृत्त झाले होते. पुढच्या आठवड्यात व्हिसा कॅन्सल होऊन कायमचे गावी जाणार होते. कामावरच्या गाडीतून माल पोचवायला जाताना ते हे डोंगर लांबून बघायचे. एकदा आत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचं, एवढंच मनात. माझ्याकडे येणारे बहुतेक जण फोटोसाठी येतात. हे डोंगर फोडून ज्यांनी रस्ते केले त्यातला कुणी फारसा येत नाही, त्याला सुट्टी नसते. त्यामुळे काकांचं मला अप्रूप वाटलं.

सागरला ते पसंत नव्हतं. त्याला रजा नव्हती, म्हणून सोबत बायकोला पाठवलं होतं. त्याने फोनवर मला बजावलं, "ताई, बाबांना जरा जरी काही वाटलं तरी प्लीज, नो हिरोगिरी. स्ट्रेट बॅक. मृणाल आहेच सोबत." काका शेजारीच उभे होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "मॅडम, मी परत फिरण्यासाठी येत नाही. बाहेर पडण्यासाठी येतोय."

मृणाल म्हणजे सून. तिशीतली, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर, जिमला जाणारी, चालायला काटक. काकांना 'अहो बाबा' म्हणायची, काका तिला 'मृणाल' म्हणायचे, आणि दोघांमध्ये कायम एक अदबीचं अंतर असायचं. काका बसले की ती उभी राहायची. डोंगरातसुद्धा! बाकी होते तीन तरुण इंजिनिअर, एकाच कंपनीतले. आणि सगळ्यांच्या मागून चालणारा माझा नेपाळी सहकारी पासांग. गाडी चालवणारे हनीफभाई रत्नागिरीचे, ते आम्हाला एका तोंडाशी सोडून दुसऱ्या तोंडाशी वळसा घालून जातात.

पहिला दिवस सुरेख गेला. काकांचा पाय दगडावर असा पडायचा की मला त्यांच्याकडे बघावं लागत नव्हतं. इंजिनिअर मंडळी सेल्फी काढत मागे पडायची आणि काका पुढे जाऊन त्यांची वाट बघायचे. डोहाशी मुक्काम केला, खिचडी केली. काकांनी भरपूर खाल्ली, वर कुणाच्या तरी बॅगेतून निघालेलं मसाल्याचं काहीतरी तळलेलंही खाल्लं. तिथे मी नजर ठेवायला हवी होती, पण पंगतीत माणसाच्या ताटाकडे बघू नये असं मला शिकवलंय.

दुसरा दिवस कोरडा असतो. पहिल्या डोहापासून दुसऱ्या डोहापर्यंत पाण्याचा थेंब नाही, म्हणून सकाळी सगळ्यांनी बाटल्या गच्च भरायच्या, मी स्वतः तपासते. त्या सकाळीही तपासल्या. काकांची स्टीलची मोठी बाटली काठोकाठ होती. दुपारपर्यंत चालायचं, मग एका मोठ्या कड्याच्या सावलीत थांबायचं. त्या कड्यापासून एक जुनी गाढववाट वर चढून कच्च्या रस्त्याला लागते. कुणी आजारी पडलं तर बाहेर काढायची ती एकच जागा. तिच्यापुढे गेलं की मग शेवटापर्यंत पर्याय नाही.

वाटेत काका दोनतीनदा मागे राहिले. "या पुढे, मी येतो," म्हणायचे. पासांग सभ्यपणे तोंड फिरवून उभा राहायचा. मग त्यांचं बोलणं बंद झालं. माझं लक्ष गेलं ते एका थांब्यावर. मी म्हटलं, "पाणी प्या सगळ्यांनी." काकांनी बाटली उचलली, डोकं मागे टाकलं, बराच वेळ धरली. मी आयुष्यभर माणसांना पाणी पिताना बघत आलेय. घोट उतरला की गळा हलतो. काकांचा हलत नव्हता.

मी तिथे काही बोलले नाही. कड्याच्या सावलीत पोचलो, सगळे बसले, तसं मी काकांना "जरा नकाशा बघायला या" म्हणून दगडाआड नेलं. नकाशाबिकाशा काही नव्हता. मी बाटली मागितली. त्यांनी दिली नाही, मग मी घेतली. हातात वजनच नव्हतं.

"काका, हे कुठं गेलं?"

त्यांच्या ओठांना पांढरी साल आली होती. कपाळाला हात लावला तर कोरडं, आणि आम्ही तर चढ चढून आलो होतो.

"पोट बिघडलं, मॅडम. पहाटेपासून. निघाल्यावर निळी बाटली पहिल्याच वेळी संपली. मग..." त्यांनी मान खाली घातली. "कागद नाही जमत हो मला. सारा जन्म पाण्याचा. त्याशिवाय वर उठवतच नाही."

"मला सांगायचं ना!"

"तुम्ही बाईमाणूस. आणि सून बरोबर. तिला काय सांगणार, तुझ्या सासऱ्याला ढाळ लागलेत? झाकली मूठ सव्वा लाखाची."

मला असा संताप आला की मी एक क्षण कड्याकडे तोंड करून उभी राहिले. मग वळून म्हटलं, "काका, मुठीत पाणी राहत नाही. तुम्ही इथे आडवे झालात तर त्या मुलीने सागरला काय तोंड दाखवायचं? आणि मी काय दाखवायचं?"

"मला परत पाठवू नका," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले नाहीत, भरायला अंगात पाणी नव्हतं. "मला परत कोण आणणार आता? गावाला गेलो की खलास. दीडच दिवस उरलाय मॅडम, मी चालतो. बघा, उभा आहे ना मी?"

उभे होते. ते मला दिसत होतं, आणि नियमही दिसत होता. साठीपलीकडचा माणूस, जुलाब, अंगात पाणी नाही: त्याला गाढववाटेने वर काढायचं. मी वॉकीटॉकीवरून हनीफभाईंना वरच्या रस्त्याला गाडी आणून ठेवायला सांगितलं. त्यांनी फक्त "कोण?" विचारलं. मी म्हटलं, "अजून ठरायचंय." काकांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी अर्धी लढाई त्यांच्या बाजूने लढायचं ठरवलं. उरलेली अर्धी त्यांनीच लढायला हवी होती.

"ऐका," मी म्हटलं. "माझ्याकडे राखीव पाणी आहे. ते सगळं तुम्हाला दिलं आणि पुढे कुणाचा पाय मोडला तर माझे हात रिकामे. म्हणजे बाकीच्यांकडून पाणी घ्यावं लागणार. मी खोटं सांगून कुणाचं पाणी काढून घेत नाही. तुम्ही स्वतः सांगायचं. सगळ्यांसमोर, मृणालसमोर. मग आपण ऊन उतरेपर्यंत इथे बसणार, तुम्ही मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पिणार. समोरच्या त्या झाडापर्यंत सावली पोचायच्या आत तुम्हाला लघवी झाली, तर पुढे जायचं. नाही झाली तर हनीफभाई. आणि झाली की मला सांगायचं, रंगासकट."

"रंगासकट?"

"गडद असली तर वर. फिकट असली तर पुढे."

काका बराच वेळ त्या झाडाकडे बघत राहिले. ज्या माणसाने अरबाच्या, मलबाऱ्याच्या, सगळ्या साहेबांच्या शिव्या निमूट खाल्ल्या होत्या, तो सुनेसमोर एक वाक्य बोलायला घाबरत होता. मला त्याचं हसू आलं नाही. माझे वडील मधुमेहाने गेले. ते मला शेवटपर्यंत "काही नाही, जरा थकवा आहे" एवढंच म्हणायचे, आणि मीही पुढे विचारायची नाही, बापाला असलं कसं विचारायचं म्हणून. याची बोच अजून जात नाही.

काका दगडाआडून बाहेर आले. इंजिनिअर खजूर खात होते. मृणाल सवयीने उठून उभी राहिली.

"बस गो," काका म्हणाले. मग एका दमात, आमच्याकडे न बघता, कड्याशी बोलल्यासारखे बोलले: "माझं पोट बिघडलंय. सकाळपासून चारदा गेलो. पिण्याचं पाणी धुवायला संपवलं. माझी बाटली रिकामी आहे. मला पाणी पाहिजे."

कुणी हसलं नाही. एका इंजिनिअरने लगेच आपली बाटली पुढे केली. पण मृणाल त्याच्याआधी पोचली होती. तिने आपली पिशवी उघडली आणि एक बाटली काढली. भरलेली. दुसरी काढली. तीही भरलेली. सीलसुद्धा मोडलेलं नव्हतं, आदल्या दिवशी गाडीतून उतरताना दिली होती तशीच.

मी बाटल्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. तेव्हा मला तिचे ओठ दिसले. तेही तसेच.

"मृणाल, तू कालपासून काय प्यायलीस?"

"थोडं थोडं, शहनाजताई. आय ॲम फाइन."

"किती थोडं?"

ती मग मान खाली घालून म्हणाली, "जेवताना एकदोन घोट. म्हणजे... आडोसा कुठे असतो सगळीकडे? आणि बाबा बरोबर. मी पुन्हा पुन्हा थांबा कशी म्हणणार? ऑकवर्ड होतं. म्हणून मग पीतच नव्हते."

 सासरा सुनेच्या लाजेने बाटली रिकामी करून बसला होता आणि सून सासऱ्याच्या लाजेने बाटली भरलेली ठेवून बसली होती. दोघंही सुकून काटकी झाले होते. एवढ्या वर्षांत मी दगड कोसळताना बघितलाय, विंचू चावलेला बघितलाय, पण माणसं मरायच्या इतक्या जवळ इतक्या सभ्यपणे गेलेली मी बघितली नव्हती.

"खलास," मी म्हटलं. "आता दोघांचं दुकान एकच. मृणाल, तुलाही तोच नियम. त्या झाडापर्यंत सावली जायच्या आत. नाहीतर दोघं वर."

मग आमचं मीठ-साखर-पाणी सुरू झालं. पासांग ढवळायचा, मी घोट मोजून द्यायची. काकांना प्यायल्यावर मळमळायचं, ते दात आवळून धरून ठेवायचे. एकदा आता उलटी होणार असं वाटलं, तेव्हा त्यांनी दोन्ही मुठी गुडघ्यांवर दाबल्या आणि डोळे मिटून बसले. उतरलं. पुन्हा पेला पुढे केला. इंजिनिअर पोरांनी आपला तंबू आडवा बांधून दगडाशी पडदा करून दिला, कुणी न सांगता. पोट पुन्हा बिघडलं नाही, एवढी एक मेहेरबानी झाली. सावली मात्र सरकत होती. घळीत सावली सरकते तेव्हा नुसत्या डोळ्यांनी दिसते.

पहिली मृणाल उठली. पडद्याआड गेली, आली. माझ्या कानाशी यायला लागली तशी मी म्हटलं, "मोठ्याने." ती थांबली. तिचा चेहरा लाल झाला. मग ती माझ्याकडे न बघता सरळ सासऱ्यांकडे वळली.

"बाबा, माझी झाली. पिवळी, पण ठीक आहे. आता तुमची राहिली."

काकांनी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा माणूस तोंड फिरवणार. ते म्हणाले, "आण तो पेला इकडे."

झाडाच्या फांद्यांना सावली लागली तेव्हा काका उठले. त्यांना हात द्यायला पासांग पुढे झाला, त्यांनी तो घेतला नाही. पडद्याआड गेले. आम्ही सहा मोठी माणसं उघड्या डोंगरात एका म्हाताऱ्याला लघवी व्हावी म्हणून श्वास रोखून बसलो होतो. मी नमाज चुकवत नाही, पण इतक्या कळकळीने क्वचितच काही मागितलं असेल. वॉकीटॉकीवर हनीफभाई विचारत होते, "मॅडम, उतरून येऊ का खाली?" 

काका बाहेर आले. सावली झाडाच्या बुंध्याशी होती.

"झाली!" ते ओरडले. कड्यावरून आवाज परत आला. "फिकट आहे मॅडम! लिंबू सरबतासारखी!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मृणाल हसत होती आणि रडतही होती, म्हणजे पाणी लागू पडलं होतं. मी हनीफभाईंना कळवलं, "गाडी शेवटच्या तोंडाशी न्या. सगळे चालत येताहेत." मग काकांची पिशवी उघडली, जड सामान काढून आम्हा सगळ्यांत वाटलं. त्यांची ती वापरलेली पिशवी मात्र त्यांनी कुणाला दिली नाही. नियम नियम आहे, म्हणाले.

संध्याकाळपर्यंत आम्ही हळू चालत दुसऱ्या डोहाशी पोचलो. तिसऱ्या दिवशी मी काकांना माझ्या मागेच ठेवलं. दर थांब्याला मी काही बोलायच्या आत सून विचारायची, "बाबा, प्यायलात?" आणि सासरा विचारायचा, "तू?" दोर धरून उतरायच्या कड्यावर काका एकेक पाय चाचपत उतरले. शेवटच्या वळणानंतर कडे बाजूला होतात आणि एकदम उघडं माळरान दिसतं. काका तिथे थांबले नाहीत, फोटोही काढला नाही. पार गाडीपर्यंत चालत गेले आणि बॉनेटला हात लावला.

सागर आला होता. रजा टाकून आला असावा. त्याने धावत येऊन वडिलांच्या हातात थंडगार पाण्याची बाटली दिली. "बाबा, काही त्रास नाही ना झाला? आधी पाणी प्या."

काकांनी बाटली उघडली आणि मृणालपुढे धरली. "आधी तू. माझ्यासमोर पी."

तिने त्यांच्यासमोर उभ्याने अर्धी बाटली रिकामी केली. उरलेली काका गटागटा प्यायले, आणि या वेळी गळा हलताना सगळ्यांना दिसला. सागर एकदा बायकोकडे, एकदा बापाकडे बघत होता.

"यल्ला, बसा सगळे," हनीफभाई म्हणाले.

काका पुढच्या सीटवर चढले, दार लावलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हनीफभाई, पहिल्या पेट्रोल पंपावर थांबवा. सुनेला जायचं असेल. आणि मलाही."